मागून आणलेलं विरजण

हेर्बोर्गने आयुष्यात पहिल्यांदा बियर केली तेव्हा ती साठीला आली होती, आणि केली ती सख्ख्या भावाच्या मयतासाठी. त्याआधी सगळं आयुष्य ती बियरच्या कामातच होती, पण दारापर्यंत. लाकडं फोडायची, ओढ्याचं पाणी आणायचं, पिंपं घासायची, ज्युनिपरच्या वासाळ झुडपाच्या फांद्या तोडून आणायच्या, हे तिचं काम. आतला तांब्याचा हंडा आणि लाकडी पीप ब्रिन्युल्वचं. ब्रिन्युल्व म्हणजे तिचा थोरला भाऊ.

दोघांनीही लग्नं केली नाहीत. वोस गावाच्या वरच्या अंगाला त्यांच्या आईबापांचं मेंढरांचं शेत आहे. ते ब्रिन्युल्वने चालवलं असं सगळे म्हणतात. मी म्हणेन, चालवलं त्याने आणि ओढलं हिने. दिवसभर खाली वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायच्या, वर येऊन मेंढरांचं बघायचं, मग भावाचं जेवण. मी समोरच राहते. या खोऱ्यात मी पोस्टाची गाडी चालवत होते, त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय ते मला न विचारता कळतं. मला भोचक म्हणतात. म्हणू देत.

आमच्याकडे नाताळाला, लग्नाला आणि मयताला बियर घरचीच लागते. दुकानात मिळते की, चांगलीही असते, पण ती शनिवारी टीव्हीपुढे पाय पसरून प्यायला. माणसाला घरातून शेवटचं बाहेर काढायचं ते घरच्या बियरवर. आणि घरची म्हणजे तिचं विरजणही घरचं हवं. दह्याला लागतं तसंच असतं ते. आधीच्या बियरवर आलेला दाट फेस काढून फडक्यावर वाळवायचा, डब्यात भरून ठेवायचा, आणि पुढच्या वेळी जवाच्या कोमट रसात सोडायचा. ब्रिन्युल्वच्या विरजणाचं नाव होतं. त्याच्या बियरला संत्र्याच्या सालीसारखा वास यायचा, आणि दोन वाडगे पोटात गेले की तो सुरू व्हायचा, "हे आमच्या पणजोबांपासूनचं. याला परक्याचा कण लागलेला नाही." दर नाताळाला तेच. आम्ही माना डोलवायचो, कारण पिंप त्याच्या ताब्यात असायचं.

विरजण टाकायची वेळ झाली की तो चूलघराचं दार आतून लावून घ्यायचा. चूलघर म्हणजे अंगणापलीकडची दगडी खोली, बियर तिथेच व्हायची. हेर्बोर्ग बाहेर थंडीत उभी. "बाईचा हात लागला की विरजण मरतं," असं तो म्हणायचा, आणि तेही हसत नाही, अगदी हवामान सांगावं तसं. आमच्याच खोऱ्यात दोन बायका उत्तम बियर करत होत्या. पण हे हेर्बोर्गला कोण सांगणार? भाऊ म्हणाला ना, मग झालं.

बटाटे काढायच्या दिवसांत ब्रिन्युल्व गेला. हेर्बोर्ग माझ्या दारात आली, हात मातीने भरलेले.

"गुन्वोर, दादा पोत्यावर बसला तो उठतच नाहीये."

मी गेले. तो खरंच बसल्या बसल्या गेला होता, टोपी डोक्यावर नीट. डॉक्टर, पाद्री सगळं झालं. हेर्बोर्ग रडली नाही. तिने उरलेले बटाटे काढून घेतले, कारण पाऊस येणार होता.

बेर्गेनहून आर्विड आला, त्यांचा चुलतभाऊ. चांगला कोट, चांगली गाडी, आणि सगळ्यांत आधी बोलायची सवय. कॉफी पुढे येते न येते तोच म्हणाला, "बियरची काळजी करू नकोस. मी क्रेट घेऊन येतो."

"बियर घरची होणार," हेर्बोर्ग म्हणाली.

"पण करणार कोण?"

"मी."

"तू?"

"मग काय तू करतोस? तुला कॉफीसुद्धा करता येत नाही."

मी तोंडावर हात ठेवला. हेर्बोर्गच्या तोंडून असलं काही मी तोवर ऐकलं नव्हतं. आर्विड समजावायला लागला की आजकाल सगळे विकतच आणतात, कोणी नावं ठेवत नाही. तिने कप खाली ठेवला.

"दादाला दुकानातल्या बाटलीवर घालवू? चार पिढ्या या घरातून माणसं घरच्या बियरवर गेली. तो एकटाच तसा गेला तर मी या घरात राहायचं कसं?"

आर्विड कॉफीत साखर ढवळत बसला. तेवढं त्याला जमतं.

नाताळासाठी ब्रिन्युल्वने माल्ट आणून ठेवलं होतं, मोड आणून वाळवलेले जव, एक पोतं. म्हणजे बियर एकदाच होणार होती. विरजणाचा डबा फळीवर होता. आत तळाशी मूठभर खपल्या. मागच्या नाताळालाच त्याला धाप लागत होती, तेव्हा त्याने पुरेसं वाळवलं नव्हतं. थोडं राखून ठेवायची रीत आहे, पण राखायला होतंच काय? जे होतं ते सगळं टाकायला लागणार होतं.

पहाटे तिने चूल पेटवली आणि मला बोलावलं. लाकडं आणायला! तिची जागा आता माझी झाली. मीही निमूट आणली. ज्युनिपरच्या फांद्या हंड्यात उकळल्या, ते तांबूस पाणी माल्टवर ओतलं, झाकून ठेवलं. मग पिंपाच्या तळाशी फांद्यांची गादी घालून त्यातून रस गाळून घेतला. तो परत हंड्यात, हॉप्सच्या कडू फुलांची पुरचुंडी सोडून, निम्मा होईपर्यंत उकळायचा. या कामाला दिवस जातो. हेर्बोर्ग कुठेही अडली नाही. दाराबाहेर उभं राहून वासावरून आणि आवाजावरून तिने सगळं उचललं होतं. मध्येच नाक वर करायची आणि म्हणायची, "आता ढवळायचा तो." मग स्वतःच ढवळायची.

फक्त शेवटची पायरी तिने कधी पाहिली नव्हती, कारण तेव्हा दार बंद. तिला एवढंच ठाऊक होतं की रस वासराला पाजायच्या दुधाइतका कोमट झाला की विरजण टाकायचं, आणि दादा ते बोटाने बघायचा.

"माझ्याकडे थर्मामीटर आहे," मी म्हटलं.

"या खोलीत थर्मामीटर आला नाही कधी."

"अगं, या खोलीत हंड्याशी बाईही आली नव्हती कधी."

"गुन्वोर, लाकडं संपली बघ."

मला घालवून दिलं! मी लाकडं घेऊन परत येईपर्यंत तिने बोट बुडवून बघितलं होतं आणि डबा हातात घेतला होता. विरजण टाकताना ओरडायचं असतं. पूर्वी भुतं पळावीत म्हणून ओरडायचे, आता ओरडायचं असतं म्हणून ओरडतात. जेवढा आवाज मोठा तेवढी बियर कडक, असं म्हणतात. ब्रिन्युल्व ओरडला की माझं कुत्रं टेबलाखाली शिरायचं. हेर्बोर्गने खपल्या रसात सोडल्या, इकडे तिकडे बघितलं, आणि मांजरीच्या शेपटीवर पाय पडावा तेवढाच आवाज काढला. मग लाजून पिंपावर घोंगडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेस पिंपाच्या काठाला लागायला हवा होता. झाकण काढलं तर रस जसाच्या तसा. बुडबुडा नाही, वास नाही. मी चाखला. नुसता गोड.

"थांबू जरा," मी म्हटलं.

थांबलो. दुपार झाली तरी तेच. हेर्बोर्ग पिंपापाशी ओंडक्यावर बसली होती.

"दादा खरं बोलायचा," ती म्हणाली. "बाईचा हात."

"काहीतरी बोलू नकोस."

"मेलं ना? पणजोबांपासूनचं. दोन युद्धं झाली, दुष्काळ झाला, तेव्हा नाही मेलं. माझ्या हातात आलं आणि मेलं."

मला इतका राग आला की काय सांगू. तिचा नाही, त्या मेलेल्याचा. पण मेलेल्या माणसाला काय बोलणार, तो पुढच्या खोलीत पेटीत होता. शिवाय रस नासून जाण्याआधी काहीतरी करायला हवं होतं. माल्ट संपलं होतं. हा रस गेला की आर्विडचे क्रेट.

विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत आहे. वैऱ्याने मागितलं तरी द्यायचं. पण मागायचं कोणाकडे? खालचे सगळे आता पाकिटातलं वापरतात. जुनं, वाळवलेलं विरजण राहिलं होतं एका सिगमुन्डकडे.

सिगमुन्ड म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी, ब्रिन्युल्वच्याच वयाचा, दोघं एका बाकावर शिकलेले. आणि दोघांचं बोलणं बंद. का, तर सिगमुन्डचा मेंढा कुंपण मोडून भलत्या महिन्यात ब्रिन्युल्वच्या मेंढ्यांत शिरला. कोकरं झाली ती भर बर्फात, आणि बरीच दगावली. ब्रिन्युल्व म्हणाला कुंपण तुझं, सिगमुन्ड म्हणाला तुझं. एवढ्यावरून दोन शहाणी माणसं मरेपर्यंत एकमेकांच्या उंबऱ्याला शिवली नाहीत. चर्चमध्येसुद्धा एक डावीकडे, एक उजवीकडे.

"मी नाही जाणार," हेर्बोर्ग म्हणाली. "दादाला काय वाटेल?"

"दादाला आता काही वाटत नाही. ऊठ."

तिने जाड लोकरी कोट घातला, एक रिकामा कप घेतला आणि आम्ही चालत निघालो. सिगमुन्डने दार उघडलं. हेर्बोर्गने नुसता कप पुढे केला. त्याने कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, काही न विचारता कप घेतला आणि तळघरात गेला. वर आला तेव्हा कप काठोकाठ भरलेला, तपकिरी खपल्या.

"सगळं टाकू नकोस," तो म्हणाला. "निम्मं राखून ठेव."

"मी आमचं मारलं, सिगमुन्ड," ती म्हणाली. "दादा म्हणायचा तेच झालं. बाईच्या हाताने मरतं."

सिगमुन्ड जरा वेळ दाराची कडी चाचपत राहिला. मग म्हणाला, "असं म्हणायचा तो?"

"नेहमी."

"हं. मग मी न बोलणंच बरं."

"बोल," मी म्हटलं. "आता अर्ध्यात सोडलंस तर मी इथून हलायची नाही."

"त्यानेही मारलं होतं," सिगमुन्ड म्हणाला. "मेंढ्याच्या भानगडीनंतरच्याच नाताळाला. मागच्या दाराने आला, असाच कप घेऊन. बोलणं बंद होतं ना आमचं, मग बोललो नाही. त्याने कप पुढे केला, मी भरला, तो गेला. नंतरही दोनदा आला. घाई करायचा तो, रस निवू द्यायचा नाही."

"तीनदा?" हेर्बोर्गने विचारलं.

"तीनदा."

"मग आमचं... पणजोबांचं..."

"ते कधीच गेलं गं. गेली कित्येक वर्षं तुमच्याकडे माझंच आहे. आणि माझं म्हणजे तरी काय? बापाने कुठून तरी मागूनच आणलं असणार."

परतताना ती कप दोन्ही हातांत धरून चालत होती. कुंपणाशी आल्यावर थांबली आणि तिचा बांध फुटला. "सगळा जन्म मला दाराबाहेर उभं केलं! थंडीत! पाय बधिर व्हायचे माझे, गुन्वोर! आणि आत हा विरजण मारत होता आणि रात्रीचा चोरासारखा शेजारी जात होता! मला एकदा सांगायचं होतं ना. मी गेले असते मागायला. माझं कुठे भांडण होतं सिगमुन्डशी?" लुच्चा, ढोंगी, बढाईखोर, जे तोंडाला येईल ते ती बोलली. मेंढरं चरायची थांबून बघायला लागली. मी तिला अडवलं नाही.

घरी येऊन रस पुन्हा उकळला आणि निवत ठेवला. तिने बोट बुडवलं. "झालं, कोमट आहे." या वेळी मी शेजारीच होते. मीही बोट बुडवलं.

"आई गं! भाजलं की! हे कोमट?"

"कोमटच तर आहे."

मी तिचा हात धरून उजेडात नेला. जन्मभर उकळत्या पाण्यातून चादरी काढून त्या बोटांची कातडी चामड्यासारखी झाली होती, तिला ऊन लागतच नव्हतं. विरजण मेलं ते असं, उकडून. मग हेर्बोर्गला हसू आलं, पोट धरून हसायला लागली ती.

"जा," ती म्हणाली, "आण तुझा तो थर्मामीटर."

आणला. योग्य वेळ झाल्यावर तिने अर्धा कप रसात सोडला, अर्धा डब्यात ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली. "ब्रिन्युल्व!" असं ओरडली. त्यात राग होता, रडू होतं, सगळं होतं. अंगणात आर्विड फोनवर बोलत होता, त्याच्या हातून फोन पडला. संध्याकाळपर्यंत पिंपातून फसफस आवाज यायला लागला आणि चूलघरात संत्र्याच्या सालीचा वास भरला.

मयताच्या दिवशी पेटी पुढच्या खोलीत होती. लोक भिंतीला लागून उभे. चर्चला निघण्याआधी वाडगा फिरतो. ज्याने बियर केली त्याने पहिला वाडगा नेऊन द्यायचा, आणि तो मिळतो जवळच्या नातेवाइकाला. पण विरजण मागून आणलेलं असेल तर पहिला मान विरजण देणाऱ्याचा. आर्विड पुढे येऊन, कोट सारखा करून उभा होता. सिगमुन्ड दाराशी, टोपी हातात. तो आत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, म्हणून त्याच्याभोवती जागा मोकळी होती.

हेर्बोर्ग वाडगा भरून आली आणि आर्विडला ओलांडून सरळ दाराशी गेली. खोलीत कुजबुज सुरू झाली. चार पिढ्यांच्या विरजणाचं काय झालं, हे ज्याला त्याला विचारायचं होतं.

"आमचं मी मारलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गरम रसात टाकलं. हे सिगमुन्डचं आहे."

मागून कोणीतरी बाप्या म्हणाला, "बाईच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार." माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलंच होतं, पण हेर्बोर्गने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. आजही तो बाप्या मला रस्त्यात दिसला की मी तोंड फिरवते.

सिगमुन्डने ते ऐकलं. ब्रिन्युल्वच्या तीन कपांचं तिने नाव काढलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने वाडगा दोन्ही हातांनी घेतला आणि एक घोट प्याला. थांबला. दुसरा घोट प्याला. वाडगा तसाच धरून तो पेटीपाशी गेला.

"चांगली होते की रे," तो पेटीला म्हणाला. "मला काय माहीत, मी कधी चाखलीच नव्हती. एकदा तरी बोलवायचं होतंस."

लोकांना वाटलं, म्हातारा मेंढ्यावरून झालेल्या भांडणाबद्दल बोलतोय. हेर्बोर्गने त्याच्या हातातला वाडगा घेतला, पिंपापाशी जाऊन पुन्हा भरला आणि परत त्यालाच आणून दिला. मग ती त्याच्याशेजारी उभी राहून रडली, भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा. आर्विड अजून वाडग्याची वाट बघत उभा होता.